अण्णांचा बहिष्कार

आमचे शेजारी शंकरअण्णा दूधवाल्याशी भांडत नाहीत. त्याला तोंडी नोटीस देतात. "दूध पातळ आल्याचा खुलासा उद्या सकाळपर्यंत करावा, अन्यथा होणाऱ्या परिणामांना आपण जबाबदार." दूधवाला "हो अण्णा" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच पातळ दूध घालतो.

अण्णा चाकणच्या एका कारखान्यात युनियनचे पुढारी होते. नोकरी संपली, गेट मीटिंग संपली नाही. पाणी आलं नाही की जिन्यात मीटिंग. गणपतीच्या आरतीला उशीर झाला तरी सुरुवात "बंधूंनो" अशी. शेवट ठरलेला: "एकजूट पायजे, राव."

रहाटणीतलं आमचं वाचनालय म्हणजे एक खोली, दोन पंखे, त्यातला एक फिरणारा, आणि पेपरच्या पुरवण्यांवरून रुसणारी आम्ही काही निवृत्त मंडळी. महापालिकेनं काटकसर म्हणून ते बंद करायचं मनावर घेतलं. त्याआधी आठवडाभर पाहणी होणार, असं कळलं. साहजिकच सूत्रं अण्णांकडे गेली.

मी सुचवलं, त्या आठवड्यात सगळ्यांनी नातवंडांसकट तिथं जाऊन बसावं. अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"तुमी कधी कंपनीत न्हवता. मालक कवा नमतो? काम बंद पडल्यावर."

ठराव झाला. मागणी मान्य होईपर्यंत वाचनालयात कुणीही पाऊल ठेवायचं नाही.

बहिष्कार पूर्ण यशस्वी झाला. आमच्या वॉर्डात एवढी एकजूट पूर्वी कधी दिसली नव्हती. आम्ही रस्त्यापलीकडे उभं राहून घोषणा देत होतो आणि पालिकेचा माणूस रोज येऊन रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढून नेत होता. "घाबरलेत," अण्णा म्हणाले. आठवडा संपला आणि दाराला कुलूप लागलं. कारण दिलं होतं: नागरिकांकडून वापर नाही.

अण्णांना कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर निदान त्यांना उत्तर देता आलं असतं. जिन्यातल्या मीटिंगा मात्र थांबल्या.

परवा दुपारी ते मला पिंपळे गुरवच्या बसथांब्यावर दिसले. मांडीवर उघडा डबा. बस आली, गेली. ते हलले नाहीत. कुठं निघालात, म्हणून विचारलं.

"कुठं न्हाई."

मग हळूहळू सांगत गेले. बायको गेल्यापासून सून माणच्या कंपनीत कामावर निघताना त्यांचा डबा भरून ठेवते. घरात एकट्यानं जेवू नका, वाचनालयात चार माणसांत जेवा, असा तिचा हट्ट. कुलूप लागल्याचं त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही.

"तुमीबी बोलू नका. तिला वाटतंय, अण्णा माणसांत हायत. तेवढीच निवांत काम करती बिचारी."

ते बाकावर थोडे सरकले आणि अर्धी पोळी भाजीसकट डब्याच्या झाकणात घालून माझ्यापुढे धरली. मी घरून जेवून निघालो होतो. ते मीही सांगितलं नाही.