घैसासांचा क्लच आणि माझा डावा पाय

सुमन गेली त्या दिवशी मंगळवार होता. संध्याकाळी मी घरी आलो आणि दाराला आतून कडी लावली.

तेरावा झाल्यावर भेटायला येणारे कमी झाले. जे आले ते म्हणाले, "स्वतःला जपा." घैसास सगळ्यांत शेवटी आले. ते बसले नाहीत. पंख्याकडे पाहिलं, पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं आणि विचारलं, "सोमण, तुमचा डावा पाय कसा आहे?"

"ठीक आहे," मी म्हणालो. बायको गेलेल्या माणसाची कोणी अशी चौकशी करत नाही. त्यामुळे पटकन खोटं सुचलं नाही.

"मग उद्या सकाळी खाली या. चपला नकोत, बूट घाला."

घैसास आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, लग्न न केलेले. त्यांच्याकडे सरकारी लिलावात घेतलेली एक जुनी जीप आहे. तिची चारही चाकं ओढतात आणि ती कुठलाही डोंगर चढते, असं घैसास सांगतात. आम्ही मात्र तिला बहुधा पार्किंगमध्येच पाहिलेलं. माणसांना ते नुसत्या आडनावानं हाक मारतात. 'अहो' हा शब्द त्यांनी जीपसाठी राखून ठेवला आहे. "अहो, दुखलं का?", "अहो, जरा सैल सोडा की!" असं जीपखालून ऐकू येतं. देवधर वहिनी नव्यानं राहायला आल्या तेव्हा खाली आणखी कोणी अडकलंय की काय, म्हणून त्यांनी वाकून पाहिलं होतं.

जीपमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटवर हत्यारांची पेटी दोरीनं बांधलेली असे. तिथं माणूस का बसवत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "माणूस बसला की बोलतो," घैसास म्हणाले. खरं म्हणजे बसायला कोणी आलं आहे, असंही आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

पार्किंगमध्ये सल्ला देणारे फार. घैसास वाद घालत नाहीत. कोणी "मी काय म्हणतो" असं सुरू केलं, की तेलानं माखलेलं फडकं त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "हे धरा जरा." फडकं ठेवायला जागा नसते आणि पँट स्वच्छ असते. सल्ला तिथंच संपतो.

मी बूट घालून गेलो तेव्हा जीपचं पोट उघडलेलं होतं. सीट बाहेर, जमिनीचे पत्रे भिंतीला टेकवलेले आणि गिअरबॉक्स गोणपाटावर आडवा.

"क्लच गेलाय," घैसास म्हणाले. "फ्लायव्हीलही बघायला लागणार."

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या पाठीला बसवलेलं जाड लोखंडी चाक. क्लच त्याला चिकटला की गाडी ओढली जाते, सुटला की इंजिन एकटंच फिरत राहतं. एवढं मला त्या सकाळी समजलं. मग त्यांनी मला एका खोक्यावर, ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि स्वतः खाली शिरले.

"दाबा."

मी डाव्या पायानं पेडल दाबलं.

"सोडा... दाबा... अहो सोमण, पायानं दाबा, विचारानं नको!"

माझ्या वाट्याला 'अहो' आलं ते तेव्हा. जीपमध्ये बसल्यामुळे आलं असावं.

"फार हलकं लागतंय," मी म्हणालो.

"हलकंच हवं."

असं रोज सुरू झालं. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. तिथं माझ्या पायाचा कोणाला उपयोग नव्हता. इथं काम संपलं की घैसास थर्मासमधून चहा ओतत आणि म्हणत, "आज बरं दाबलंत." मला बरं वाटे. सकाळी दाढी करून खाली जाऊ लागलो.

मुग्धा, माझी मुलगी, बंगळूरला असते. मी तिच्याकडे कायमचं जायचं आणि इथली जागा भाड्यानं द्यायची, असं ठरत आलं होतं. मी हो म्हणालो होतो. नाही म्हणायला जी ताकद लागते ती तेव्हा नव्हती. घैसासांच्या कानावर घातलं, तर ते खालून अर्धे बाहेर आले.

"आणि क्लच कोण दाबणार? यांना असं उघडं टाकून जाणार तुम्ही?"

"किती दिवस लागतील अजून?"

"घाई कोणाला आहे?" घैसास म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य आहे. दूध उतू जात असलं तरी ते हेच म्हणतात.

मग एक दिवस फ्लायव्हील उतरवलं आणि स्वारगेटजवळच्या टर्नरकडे घासून घ्यायला न्यायचं ठरलं. स्कूटर घैसासांची, मांडी माझी. कापडी पिशवीत ते धूड घेऊन मी मागं बसलो. सिग्नलला कॉलेजातले एक जुने सहकारी भेटले. पिशवीकडे पाहून म्हणाले, "काय सोमण, मंडईतून?"

"फणस," घैसासांनी पुढूनच सांगितलं. "कापा आहे, बरका नाही. येताय का खायला?"

मला हसू आलं. मंगळवारनंतरचं पहिलं. फ्लायव्हील मांडीवर असताना हसणं सोपं नाही, पण मी पुढच्या सिग्नलपर्यंत हसत होतो.

बाळू टर्नर धायरीचा. त्यानं पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला. "घैसास, हे पुन्हा आणलं? दिवाळीच्या आधी मीच घासून दिलंय की! आरशावानी हाय. नवा क्लच बी तवाच बसवला न्हवं तुम्ही?"

"बघा तरी," घैसास म्हणाले. "घाई कोणाला आहे?"

बाळूनं माझ्याकडे पाहिलं. "आन् तुम्ही काय करता, काका?"

"मी रोज सकाळी क्लचचं पेडल दाबतो."

"आन् गिअरबॉक्स?"

"तो खाली काढून ठेवलाय."

"मग पेडल दाबून काय व्हनार? ते कशालाच जोडल्यालं न्हाई!"

घैसास भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. ते मागच्या वर्षीचं होतं.

परतीच्या वाटेवर फ्लायव्हील माझ्या मांडीवर होतं, जसं नेलं तसंच. पार्किंगमध्ये स्कूटर लावून घैसास किल्ली खिशात शोधत राहिले. ती त्यांच्या हातातच होती.

"सोमण, उद्या..." ते म्हणाले. एरवी त्यांचं वाक्य हुकूम देऊन संपतं. "उद्या याल ना?"

"बूट घालून येतो," मी म्हणालो.

संध्याकाळी मुग्धाचा फोन आला. "बाबा, तिकीट काढू?"

"एवढ्यात नको. फ्लायव्हीलचं काम निघालंय."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"पेडल माझ्याकडे आहे," मी सांगितलं.

ती मग म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज बरा वाटतोय."

जोडणी सुरू झाली तेव्हा घैसासांनी लाटणं मागितलं. क्लचची प्लेट मधोमध बसली नाही, तर गिअरबॉक्स आत जात नाही. मधोमध धरायला निमुळतं लाकूड लागतं. मी स्वयंपाकघरात गेलो. जेवण डब्याचं येत असल्यामुळे तिथं माझं काम नव्हतं. ओट्याखालच्या खणात लाटणं होतं, त्याला थोडं पीठ लागलेलं.

"वहिनींचं?" घैसासांनी विचारलं.

"हो."

ते उठले, नळावर गेले आणि साबणानं हात धुऊन आले. मग त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

प्लेट मधोमध बसली. देवधरांनी आणि आम्ही दोघांनी मिळून गिअरबॉक्स उचलला. "अहो, या आत, या," असं घैसास म्हणाले आणि तो आत गेला. सगळं आवळून झाल्यावर मी पेडल दाबलं.

"जड लागतंय," मी म्हणालो.

"आता जोडलंय," घैसास खालून म्हणाले.

पहिल्या फेरीला आम्ही सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेलो. निघताना घैसासांनी पेटीची दोरी सोडली आणि पेटी मागं टाकली. तिथं ती कमी वाजते, असं कारण दिलं. वाटेत मी बराच बोललो. त्यांनी अडवलं नाही.

मी सदाशिव पेठेतच राहतो. दिवाळीला मुग्धाकडे जातो आणि परत येतो. पोळ्यांसाठी दुसरं लाटणं आणलं आहे. सुमनचं लाटणं हत्यारांच्या पेटीत असतं, पेटी मागं असते, आणि पुढच्या सीटवर मी असतो.