सतरा डोकी

"काका, तुम्ही आजवर कधी हरवलात का हो?"

प्रश्न भिंगरीचा नव्हताच. दोन मैत्रिणींनी पैजेवर तो तिच्या तोंडी घातला होता, आणि आता त्या दोघी कारंज्याच्या आडोशाला तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. पण भिंगरीला पैज म्हणजे खुराक! सहा महिन्यांपूर्वी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा तिचा घसा बसायचा. वक्तृत्व स्पर्धेत दुसरी काय आली, तेव्हापासून दिसेल त्याच्यापुढे ती भाषण ठोकत सुटली होती.

प्रश्न विचारला तो कंडक्टरकाकांना. चौतीस वर्षं बसमध्ये घंटी वाजवून निवृत्त झालेले हे काका म्हणजे रविवारच्या भटक्या मंडळाचे म्होरके. तीन रविवार डोंगर, चौथ्या रविवारी जुन्या शहराची फेरी, असा मंडळाचा शिरस्ता होता.

"हरवतो तो न मोजणारा!" काका गुरगुरले. "निघताना डोकी मोजायची, वळणावर मोजायची, पोचलं की मोजायची. चेहऱ्यांकडे बघायचं नाही. चेहरा बघितला की गप्पा सुरू होतात आणि मोजणी बोंबलते."

"एवढंच? हे तर मी डाव्या हाताने करेन!"

काकांचा गुडघा मागच्या रविवारच्या डोंगराने टम्म फुगला होता. त्यांनी लाल झेंडा तिच्या हातात कोंबला आणि कारंज्याच्या कठड्यावर बैठक मारली. "कर मग. आजची फेरी तुझी!"

भिंगरीने मान वळवून बाबांकडे पाहिलं. त्यांच्या खिशात दोन आठवड्यांपासून एक फॉर्म घडी घालून पडला होता. चार दिवसांचं पहाडातलं शिबिर! सही तेवढी बाकी होती.

"सगळ्यांना धडपणे फिरवून इथे परत आण," बाबा म्हणाले, "इथल्या इथे सही करतो."

"आणि नाही आणलं, तर सुट्टीत आत्याकडे," आईने पुस्ती जोडली.

आत्याकडे म्हणजे चार दिवस तिच्या मांजराचे केस विंचरायचे! भिंगरीने झेंडा असा उंचावला, की एक कबूतर दचकून उडालं. तिने डोकी मोजली. सतरा! टोप्याच टोप्या, एकसारख्या पांढऱ्या.

"चला! माझ्यामागे!"

आणि ती निघाली. डोंगर चढायची सवय असलेले पाय ते, गल्लीबोळात कसले ऐकतात! इतिहास तर तिने तीन दिवस घोकला होता. झेंडा वर, तोंड पुढे आणि भाषण चालू. तट कुणी बांधला, कुणी पाडला, कुणी पुन्हा बांधला. मागे वळून बघायला फुरसत कुणाला होती?

मागे काय झालं, ते तिला ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगायला हरकत नाही. एका जुन्या घराचं नक्षीदार दार बघायला आई थांबली. आई थांबली म्हणून बाबा थांबले, ते थांबले म्हणून सगळे थांबले, आणि मैत्रिणींनी त्या दारापुढे फोटो काढायला घेतले. तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत घरांचा दलाल आला. ते घर विकायचं होतं, आणि ते बघायला एका मोठ्या कुटुंबातली सोळा माणसं येणार होती.

"आलात सगळे? चला, आतून दाखवतो!"

"बघा!" आई अभिमानाने फुगून म्हणाली. "पोरीने आतूनसुद्धा बघायची सोय केलीय!"

सगळे आत गेले.

इकडे पुढच्या चौकात भिंगरीने वळणावरची मोजणी केली. डोकी शून्य! पण कोपऱ्यावर झाडाखाली टोप्या दिसल्या, पांढऱ्या.

"अहो, तिथे काय उभे आहात? इकडे या!" ती झेंडा नाचवत ओरडली.

ती दलालाची वाट बघून कंटाळलेली सोळा माणसं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दलालाने मुलीला पाठवलं असेल! ती मुकाट्याने आली. भिंगरीने चेहऱ्यांकडे कटाक्षाने न बघता मोजलं. पंधरा, सोळा... एक कमी! बाकावर एक गृहस्थ टोपी घालून वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"काका, सारखं मागे राहायचं नाही हं! उठा!"

तिचा आवाज असा होता की गृहस्थ उठलेच. सतरा! भिंगरीचा जीव भांड्यात पडला आणि वरात टेहळणीच्या बुरुजाकडे निघाली.

"भिंतींना ओल येते का गं?" मागून एका बाईंनी विचारलं.

"चारशे वर्षांत आली नाही!"

"शेजार कसा आहे?"

"पलीकडे सेनापती राहायचा. पण त्याला त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने विष घातलं."

मागे कुजबुज झाली. एका जावईबापूंनी आपल्या मेव्हण्याकडे निरखून पाहिलं.

"जिना किती पायऱ्यांचा?"

"एकशे बारा."

"अगं बाई! आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय?"

"वर गेलं की वारा लागतो, सगळं विसरायला होतं," भिंगरी ठणकावून म्हणाली. आज मंडळी काय झकास विनोद करतायत, असं तिला वाटलं.

धापा टाकत सगळे वर पोचले. तिने पोचल्यावरची मोजणी केली. सतरा! तिने मनातल्या मनात शिबिराची पिशवीसुद्धा भरली.

"स्वयंपाकघर कुठेय?" सासूबाईंनी कठड्याला टेकत विचारलं.

"आणि मी इथे का आलोय, ते मला कुणी सांगेल का?" वर्तमानपत्रवाल्या गृहस्थांनी विचारलं.

भिंगरीने पहिल्यांदा चेहऱ्यांकडे पाहिलं. एक ओळखीचा असेल तर शपथ! तेवढ्यात खालच्या गल्लीतल्या एका माडीची खिडकी उघडली, आणि तिची सख्खी आई ओढणीने त्या खिडकीची रुंदी मोजताना दिसली.

"आई!" भिंगरीने अशी किंकाळी फोडली, की वक्तृत्वात पहिलाच नंबर यायला हवा होता.

पाव तासाने कारंज्यापाशी सगळा मेळा जमला. दलाल हात चोळत होता, सासूबाई पाय चोळत होत्या. वर्तमानपत्रवाले गृहस्थ कुठे जायचं ते न सुचून इथवर सोबत आले होते. काकांनी सवयीने टोपीवाली डोकी मोजली.

"चौतीस! नेली सतरा आणि आणली चौतीस? चौतीस वर्षांच्या नोकरीत मला हे जमलं नाही!"

आई मात्र हसली नाही. "अर्धा तास तुझ्यामागे आई नव्हती. आणि तुला पत्तासुद्धा नाही?"

भिंगरीची मान खाली गेली. विनोदबिनोद सगळा संपला.

"हिला पहाडात पाठवायचं?" बाबांनी फॉर्म पुन्हा खिशात सारला.

"थांबा हो," कंडक्टरकाका म्हणाले. "चुकीचं मी शिकवलं. चेहरे बघू नको म्हणालो. बसमध्ये ते चालतं, तिथे दाराला कडी असते. पण एक बघा. सतरा अनोळखी माणसं, तीसुद्धा कुठे चाललोय ते न विचारता, हिच्यामागे एकशे बारा पायऱ्या चढली! माझ्यामागे माझी बायको घरचा जिना चढत नाही."

सासूबाई खुदकन हसल्या. मग आईसुद्धा हसली. बाबांनी हळूच फॉर्म काढला, पेन शोधलं, मांडीवर ठेवून सही केली.

भिंगरीने फॉर्म घेतला आणि घसा खाकरला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. शिबिराला मी जाणार, पण कुणी कितीही आग्रह केला तरी पुढे चालणार नाही. सगळ्यांच्या मागे, प्रत्येकाचं तोंड ओळखून! आणि त्याची सुरुवात आत्तापासूनच. घरी जाताना तुम्ही पुढे व्हा. आपण शहराच्या कुठल्या दरवाज्याने आत आलो, ते मला मघापासून आठवत नाहीये."