शैलाकाकूंचा तोंडमोकळा शुक्रवार

शैलाकाकूंच्या घरी पोळी ताटात पडायच्या आधी तोंड उघडावं लागे, आणि तेही बोलायला. आठवडाभर जे पोटात दाबून ठेवलंय ते सांगायचं, मग जेवायचं. अमेरिकेत ॲन आर्बरला शिकणारी आम्ही भुकेली पोरं. तव्यावरच्या पोळीसाठी काय वाट्टेल ते कबूल केलं असतं.

काकू म्हणजे काही वयस्कर बाई नव्हत्या. पस्तिशीच्या असतील. पण जी बाई आपल्याला आग्रहाने आणखी एक पोळी वाढते तिला आम्ही काकूच म्हणणार, त्याला इलाज नाही. मूळच्या साताऱ्याच्या, तिथे कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. नवरा, म्हणजे आमचे काका, इथे युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधक. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरीची परवानगी नाही. मग काकूंनी एका प्रोफेसरांना गाठलं आणि हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीच्या वर्गात मागच्या बाकावर फुकट बसायला सुरुवात केली. "कुणालाच नको असलेली भाषा आहे रे, म्हणून तर जागा मिळाली," असं त्याच सांगायच्या.

त्या इंग्रजीला म्हणे दोन शब्द जोडून तिसरा करायची फार हौस. आणि काकू भाळल्या त्या नेमक्या तोंडाच्या शब्दांवर. टाळूला 'मूथ-ह्रोफ', म्हणजे तोंडाचं छप्पर. माणसं गिळणाऱ्या राक्षसाला 'मूथ-बाना', म्हणजे तोंडाने ठार मारणारा. बटाटेवड्यांच्या बाबतीत ही पदवी मला कायमची मिळाली होती. नवा शब्द शिकला की बाईंना दम धरवत नसे. जानेवारीत बसस्टॉपवर हाडं गोठत असताना त्या शेजारच्या अनोळखी अमेरिकन आजीबाईंना बजावायच्या, की बाई, आ करून उभ्या राहू नका, तोंडाचं छप्पर गारठेल. आजीबाई बिचाऱ्या पुढच्या बसने जायच्या.

सगळ्यांत लाडका शब्द 'मूथ-फ्रेओ'. तोंडमोकळा, ज्याला बोलायची मुभा आहे असा. "बघ ना," काकू म्हणायच्या, "त्या लोकांकडे बटाटा नव्हता, मिरची नव्हती, चहा नव्हता, पण मोकळं बोलणाऱ्या माणसासाठी वेगळा शब्द होता." त्यातूनच ही शुक्रवारची प्रथा निघाली. आपण खरं बोललो की काकू उलथनं उंचावून "मूथ-फ्रेओ" असं जाहीर करत आणि पोळीवर तूप सोडत. बनाव केला तर कोरडी पोळी. आणि बनाव त्यांना बरोब्बर कळायचा.

नागपूरच्या गिरीशने पहिल्याच शुक्रवारी बार उडवला. "काकू, माझा गाईड ऑगस्टपासून काय बोलतोय त्यातलं मला एक अक्षर कळलेलं नाही. मी नुसता 'इंटरेस्टिंग' म्हणतो यार."

मुंबईची केतकी म्हणाली, "मला गिरीशच्या गाडीत बसायची भीती वाटते. आज अख्खा रस्ता मी डोळे मिटून होते."

"भीती मलाही वाटते," गिरीश म्हणाला, "पण मला उघडे ठेवावे लागतात."

मी कबूल केलं, की आईला फोनवर रोज भाजी-पोळीचं वर्णन ऐकवतो आणि दोन्ही वेळा दुधात सीरियल बुडवून खातो. त्यावर काकूंनी इतकं तूप ओतलं की खाली पोळी आहे का हे चाचपून बघावं लागलं.

काका मात्र दर शुक्रवारी "पास" म्हणायचे. पत्त्यांत म्हणावं तसं, शांतपणे. आणि काकू निमूटपणे त्यांच्या पोळीवर तूप घालायच्या.

"काकू, ही पार्शॅलिटी आहे," मी एकदा तक्रार केली.

"आहेच," त्या म्हणाल्या, "तू ये आत, पोळ्या भाजायला."

आत गेल्यावर मी पोळ्या करपवत होतो आणि काकू लाटता लाटता बोलत होत्या. मागच्या वर्षी काकांची आई गेली. आजारपण महिनाभर चाललं होतं, म्हणजे जायला वेळ होता. पण भारतात गेलं की परत यायला व्हिसाचा नवा शिक्का लागणार. त्या दिवसांत सायन्सवाल्यांची नावं तपासणीत महिनोन्महिने अडकून पडत. काका अडकले असते तर नोकरी गेलीच असती. त्यांनी विचार केला आणि ते गेले नाहीत.

"तेव्हापासून बोलत नाहीत," काकू म्हणाल्या. "म्हणजे दूध संपलं, एवढं बोलतात."

"आणि आधी?"

"आधी? अरे, आधी मला बोलायला मिळायचं नाही." आणि त्या हसल्या. "मला वाटतं, चार जणांचं ऐकून यांनाही कधीतरी बोलावंसं वाटेल. म्हणून तुम्हाला बोलावते. नाहीतर स्वयंपाकाची मला काडीची हौस नाही."

त्यानंतर शुक्रवारी "पास" ऐकलं की मी काकूंकडे बघणं टाळायचो.

मार्च उजाडला तरी बर्फ हटायला तयार नव्हतं. एका शुक्रवारी गिरीशची पाळी आली. आता हा गाईडची नक्कल करणार म्हणून आम्ही आधीच दात काढून बसलो होतो.

"आजी सिरियस आहे," गिरीश ताटाकडे बघत म्हणाला. "मी जात नाहीये. स्टॅम्पिंगला अडकलो तर सेमेस्टर जाईल. घरीही म्हणतात, नको येऊस."

काकूंच्या हातातलं उलथनं खालीच राहिलं.

"जा," काका म्हणाले.

गिरीशला 'जग' ऐकू आलं, वाटलं पाणी मागतायत. त्याने जग पुढे केला.

"पाणी नको. तू जा, गिरीश. सेमेस्टर परत करता येतं." काकांनी जग बाजूला सारला. "घरचे नको म्हणतातच. मलाही म्हणाले होते. आई शेवटी शेवटी सारखी विचारायची म्हणे, आज वार कोणता? मी रविवारी फोन करायचो ना. म्हणून विचारायची. दादाने हे मला नंतर सांगितलं."

मग काका थांबेनात. आई सायकल कशी शिकली, कशी थेट गवळ्याच्या म्हशीवर जाऊन आदळली आणि वर गवळ्याशीच कशी भांडली, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. आम्ही रडवेले होतो आणि खो खो हसत होतो. तव्यावरची पोळी जळाल्याचा वास आला तेव्हा केतकीने उठून गॅस बंद केला. काकू कधीच खुर्ची ओढून काकांसमोर बसल्या होत्या, कणकेचे हात तसेच मांडीवर ठेवून.

"आणि आमच्या लग्नात तर तिने कहरच केला," काका म्हणाले. "शैला, तूच सांग ना. तुला जास्त छान सांगता येतं."

काकूंनी डोळे दंडाला पुसले.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा. मी ऐकतेय."