पोपटभाऊंची फोडणी

पोपटभाऊंची फोडणी पडली की आमची अख्खी लाईन खोकायची. भिंगारला छावणीतल्या नोकरमाणसांच्या खोल्यांची ती लाईन. सगळ्यांची दारं एकाच ओट्यावर, आणि आमची भिंत पोपटभाऊंच्या भिंतीला लागून. धड उजाडलेलंही नसायचं, तेवढ्यात हा गृहस्थ दार सताड उघडायचा, स्टो उंबऱ्याशी ओढायचा आणि मोहरी, लसूण, लाल मिरच्या तेलात अशा काही टाकायचा की चर्रर्र आवाज पार नळापर्यंत जायचा. आमचे हे अंथरुणातच शिंकत उठायचे. "हा माणूस डाळीला फोडणी देतो का आपल्याला?"

नाव पोपट, पण बोलणं म्हणाल तर एकच वाक्य: "काई अडत न्हाई."

बायको गेली तेव्हा त्यांची रंजी चार वर्षांची होती. आम्ही बायका भाकऱ्या घेऊन गेलो, तर म्हणाले, "कशाला तरास? काई अडत न्हाई." कुणी दुसऱ्या लग्नाचं काढलं, तरी तेच. वर कौल फुटून भर झोपेत अंगावर पाणी गळलं, बाज सरकवली आणि म्हणाले, "काई अडत न्हाई." मला त्या तीन शब्दांचा असा संताप यायचा! अरे बाबा, अडतंय म्हण एकदा, आम्ही काय खाऊन टाकणार आहोत का तुला?

लष्करी कोठारात पेट्या ठोकायचं आणि दोरखंडानं बांधायचं त्यांचं काम. घरी रंजीची वेणीही ते तशीच घालायचे. पाय रोवून, दात-ओठ खाऊन, गाठीवर गाठ. पोरीच्या भुवया कपाळावर चढायच्या आणि दिवसभर ती नवल वाटल्यासारखी बघत हिंडायची. शाळेतून आली की बाप येईपर्यंत माझ्याकडे. मी वेणी जरा सैल करायला गेले तर डोकं मागे घ्यायची. "नको काकू, दादांनी घातलीय."

एकदा मी त्यांना गाठलंच. "भाऊ, दार लावून फोडणी दिलीत तर डाळ रुसंल का तुमची?"

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "वैनी, म्हातारी तुमालाच इचारती ना?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हातारी म्हणजे त्यांची सासू. बेलापूरहून महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं यायची आणि जावयाच्या घरी जायच्या आधी नळावर आमची उलटतपासणी घ्यायची. "पोरीला ताजं घालतो का शिळंपाकं? गड्याच्या हाताखाली पोरीची जात वाढती का कुठं? मी नेते तिला." म्हणून ती फोडणी! सगळ्या लाईनीला पोपटभाऊंनी साक्षीदार करून ठेवलं होतं. आणि आम्हीही साक्ष चोख द्यायचो. "आजी, खोकून खोकून जीव गेला आमचा! रोज चूल पेटती त्यांची." म्हातारी तोंड वाकडं करून परत जायची, आणि दुसऱ्या दिवशी चार मिरच्या जास्त पडायच्या.

मग त्या दुष्काळाच्या साली गोवराची साथ आली. आधीच पाण्याची बोंब, पोरं वाळलेली, त्यात हे. शाळा बंद झाली. एकामागून एक दारावर गोवराची खूण म्हणून कडुलिंबाचे डहाळे लागले. पलीकडच्या दोन घरांतली लेकरं गेली. आणि एका सकाळी फोडणी पडली नाही.

गोवर असलेल्या घरात तेव्हा फोडणी देत नसत, तळण नाही, वेणीफणी नाही. वास लागला तर गोवराच्या देवीचा, बाईचा कोप होतो म्हणत. मी बाहेर येऊन पाहिलं, पोपटभाऊ दाराला डहाळा बांधत होते. इतक्या पेट्या बांधणारा माणूस, पण गाठ काही बसेना.

माझं बाळ अंगावर पीत होतं, त्यामुळे मला आत जाता येईना. पेज करून उंबऱ्यावर ठेवायचे. यावेळी त्यांनी ती मुकाट्यानं घेतली, काही अडत नाही म्हणाले नाहीत. मला तर धडकीच भरली. कामावर खाडे, दाढी वाढलेली, आत पोरीचं कण्हणं. ज्या फोडणीला मी शिव्या मोजल्या, तिच्यासाठी रोज पहाटे भिंतीला कान लावून बसू लागले. देवा, एकदा चर्र होऊ दे रे.

आणि झालं! एका सकाळी चर्रर्र झालं आणि लाईन खोकत, शिंकत, हसत बाहेर आली. "उतरला! रंजीचा गोवर उतरला!" मी धावतच गेले. काडीसारखी झालेली पोर भिंतीला टेकून फोडणीचा भात खात होती.

"जिंकलात भाऊ!" मी म्हटलं.

ते ताटाकडेच बघत होते. "म्हातारीला सांगावा धाडलाय. घिऊन जाईल तिला."

"अहो, काहीतरीच काय! एवढं निस्तरलंत, आणि आता?"

"तापात समदी रात आजी-आजी करत हुती, वैनी. मी हाथरुणाशीच बसल्यालो. मला एकदा बी हाक मारली न्हाई." ताट तिच्याजवळ सरकवत म्हणाले, "कामावर जावं तर पोर एकली. न्हाई जावं तर चूल बंद. म्हातारीकडं दूध हाय, मानसं हायेत."

"पण बापाशिवाय राहील का ती?"

"ऱ्हाईल. तिचं काई अडत न्हाई."

म्हातारी आली ती भांडायच्या तयारीनं, पण जावयाचा चेहरा बघून पोरीचं बोचकं बांधायला बसली. पोपटभाऊंनी रंजीची वेणी घातली. पहिल्यांदाच सैल, कुणालाही सोडता येईल अशी. एसटीच्या खिडकीतून रंजी "दादा" म्हणून ओरडली, आणि बाप नुसता हात वर करून उभा राहिला. मी रडले, उगाच कशाला खोटं सांगू!

दुसऱ्या दिवशी उजाडताच चर्रर्र! मी चमकले. आता साक्ष कुणासाठी? दार उघडलं तर पोपटभाऊ फडक्यात धरलेली कढई घेऊन माझ्या उंबऱ्यात उभे. आत मोहरी तडतडत होती.

"हात ऐकत न्हाई, वैनी. उठलो आन् दिली फोडणी. मग बघितलं, घरात डाळच शिजवली न्हाई." मान खाली घालून म्हणाले, "एकल्याला जेवन जात न्हाई. तुमच्या आमटीत वतू का? पोरं खातील."

मी झाकण काढलं.

दुपारी हे म्हणाले, "आज आमटीला दोनदा फोडणी पडली काय?"

"पडली. गप जेवा."

त्यानंतर मी आमटीला फोडणी द्यायची सोडून दिली. सकाळी डाळ शिजवायचे, दार उघडं ठेवायचे आणि पोपटभाऊंची वाट बघायचे.