क्ष मान

रनाळ्यात आमच्या शेजारी त्र्यंबकअण्णा राहतात. त्यांच्या घरात सरळ शिरता येत नाही. दार अर्धवट उघडं असतं आणि आतून या निवृत्त गणितशिक्षकाचा प्रश्न येतो, "दार तीस अंश उघडं शे. कोटिकोन कितला?" नव्वदातून तीस वजा करून साठ म्हणायचं, मग चहा. दूधवाल्याचीही यातून सुटका नाही.

बेरीज नव्वद ते कोटिकोन, एकशेऐंशी ते पूरक, हे आमच्या गल्लीत कुत्र्यांनाही पाठ असावं. एका सोयरिकीच्या बैठकीत आम्ही अण्णांना मत विचारलं, ही आमचीच चूक. ते म्हणाले, "दोघं कोटी शेतस. जोडी नव्वदवरच थांबस. संसार सरळ चालाले पूरक लागस." पाहुणे पोहे टाकून उठले.

पुस्तकात 'क्ष'च्या जागी एक्स येऊन जमाना झाला, अण्णांनी त्याला घरात घेतलं नाही. "क्ष मान, बाकी आपेआप येस," हे त्यांचं प्रत्येक अडचणीवरचं उत्तर. विहिरीवरची मोटार जळाली तरी क्ष मान.

एक अडचण मात्र त्याने सुटली नाही. मुलगी क्षमा त्यांच्याच वर्गात होती. 'एक कोन त्याच्या कोटिकोनाच्या दुप्पट आहे' या उदाहरणात तिने कोटीचा पूरक केला आणि फळ्यावर साठऐवजी एकशेवीस लिहिलं. अण्णा भर वर्गात ओरडले, "मन्ही पोर शोभत नही तू!" तिने गणित सोडलं, हळूहळू अण्णांशी बोलणंही. आता सुरतेहून आखाजीच्या सणाला माहेरी येते, आईजवळ बसते, अण्णांचं ताट वाढते. शब्द नाही. विषय निघाला की अण्णांचा चहा गार होतो. "येवढंसं उदाहरण व्हतं रे," इतकंच म्हणतात. मला फार वाईट वाटतं.

परवा मी बसलो असताना नातीचा फोन आला. ती सुरतेच्या मराठी शाळेत आहे. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला. नेमकं तेच उदाहरण, आणि पोरीचं उत्तर, "एकशेवीस, आजोबा."

मला वाटलं, आता आवाज चढणार. अण्णांनी चष्मा काढला.

"परत करूत, बेटा," ते हळूच म्हणाले. "क्ष मा..." पुढचा 'न' आलाच नाही.

पलीकडे कुणीतरी भांडं खाली ठेवलं. मग वेगळाच आवाज आला, मोठ्या बाईचा. "काय अण्णा? हाक मारी का?"

अण्णांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "हां," ते म्हणाले, "तुलेच हाक मारी." साऱ्या गावाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने मग एवढंच विचारलं, "जेवनी का?"