नमुना क्रमांक सात

या, जरा पुढं सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही यावं; टेकलं की डोळा लागतो, आणि आजचं आख्यान नेमकं मेंदूचं आहे. देवाला स्मरून सांगतो. खोटं वाटलं तर शेवटी बुक्का लावून घेऊ नका.

हुपरीत गुंडू नावाचे पैंजण घडवणारे कारागीर होते. दिवसभर चांदी, संध्याकाळी टाळ. चाळीस वर्षं कीर्तनकाराच्या मागं उभे राहिले. एका सकाळी त्यांनी चहासाठी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं आणि तिचं नावच आठवेना. दुपारी आठवलं, पण माणूस घाबरला. कोल्हापूरच्या एका संस्थेत विस्मरणाच्या आजारावर संशोधन करणाऱ्या सलिमाला भेटून त्यांनी मरणोत्तर मेंदूदानाच्या अर्जावर सही केली. म्हणाले, "पोरी, अभंग सगळं तोंडात हायती. हिचं नाव तेवढं कुठं सांडतंय बघ."

तीन वर्षांनी ते गेले. शेवटी शेवटी बायकोला ओळखत नव्हते. अभंग मात्र चरण न चुकता म्हणत. मेंदू संस्थेच्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये गेला आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव झालं नमुना क्रमांक सात.

त्यांची बायको झुंबरबाई एसटीनं संस्थेत आली. सलिमानं तिला बारीक मण्यांनी भरलेली काचेची उभी नळी दाखवली.

"वरून मेंदूचा अर्क सोडायचा, मावशी. मग मिठाचं पाणी, हळूहळू खारटपणा वाढवत. प्रथिनं आधी सुटून खाली येतात. न्यूक्लिइक आम्लं मण्यांना घट्ट धरून बसतात, ती शेवटी उतरतात. दोन्ही वेगळी झाली की काय बिघडलं ते तपासता येतं."

"कीर्तनागतच की! काही माणसं खिरापतीचा वास आला की उठत्यात, काही आरती होईपतोर हलत न्हाईत." झुंबरबाईनं नळीवरून नजर काढली नाही. "ह्यात माझं नाव गावंल?"

"नाव नाही गावायचं. पण ते का गेलं, त्याचा थोडा माग लागेल."

"थोडा बी चालंल."

अडचण फक्त परवानगीची होती. कार्यालयीन अधीक्षक उदयसिंह हे दुष्ट गृहस्थ नव्हते. ते नियमाचे पक्के होते.

"अर्जात 'मेंदू' लिहिलंय," ते म्हणाले. "प्रथिनं लिहिलेली नाहीत. न्यूक्लिइक आम्लं तर नाहीतच. एका दानातून दोन वस्तू काढायच्या, तर दोन संमतिपत्रं लागतील."

"सर, ती मेंदूतच असतात," सलिमा म्हणाली.

"असतील. पण कार्यालयास तसं कळवलेलं नाही."

दाता हयात नसल्यामुळं सही वारसाची, म्हणजे पत्नीची. झुंबरबाईनं रेशनकार्ड काढलं, आधारकार्ड काढलं, लग्नातला फोटोही काढला. उदयसिंहांनी दवाखान्याची फाईल उघडली. तिथं डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी लिहिलं होतं: 'रुग्ण सोबतच्या महिलेस ओळखत नाही.'

"मावशी, रेशनकार्ड हाय, मान्य. पण खुद्द दाताच म्हणतोय, मी या बाईंना ओळखत न्हाय. दात्याचा शब्द डावलून चालतंय व्हय?"

"अवो, त्योच तर आजार हुता त्यांचा!"

"आजार होता हे अजून सिद्ध व्हायचंय. ते तपासणीनंतर कळंल."

"मग करा की तपासणी!"

"संमतीशिवाय?"

झुंबरबाई कागद एकेक करून पिशवीत भरू लागली. उदयसिंहांना दया आली. "बरं, दात्याचं नाव तरी सांगा. नोंदीशी जुळवून बघू."

आता उभ्या जन्मात झुंबरबाईनं उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. खिडकीपाशी रांग होती. तिनं डोईवरचा पदर सावरला, घसा खाकरला आणि म्हणाली,

"हुपरीच्या पैंजणाला घुंगरांची लडी,
गुंडूरावांचं नाव घेते, उघडा आता फ्रीजची कडी!"

रांगेनं टाळ्या वाजवल्या. उदयसिंहांनीही वाजवल्या आणि शेरा लिहिला: 'अर्जदाराने दात्याचे नाव घेतले. दात्याने अर्जदाराचे नाव घेतल्याचा पुरावा नाही. सबब प्रकरण एकतर्फी. समितीपुढे ठेवावे.'

समिती बसेपर्यंत झुंबरबाई दर सोमवारी येऊन बसू लागली. दर सोमवारी उदयसिंह चष्म्यावरून बघत आणि विचारत, "बोला पावणं, कुणाकडं आलाय?"

सातव्या सोमवारी ती म्हणाली, "सायेब, आमच्या मालकास्नी मला इसराय तीन वरसं लागली. तुमचं आठवड्यात व्हतंय. एकदा त्या सलिमाला दावून घ्या."

उदयसिंह मनापासून हसले. "कोण सलिमा?"

मग दिवाळी आली आणि वीजबचतीचं परिपत्रक आलं: सुट्टीत सर्व उपकरणे बंद ठेवावीत. सलिमानं फ्रीजरवर 'बंद करू नये' असा कागद चिकटवला. उपकरणांवर विनापरवाना कागद चिकटवण्यास मनाई असल्यानं तो काढण्यात आला. कागद नाही म्हटल्यावर फ्रीजर बंद करण्यात आला. पाच दिवसांनी दार उघडलं, तेव्हा त्या नळीत सोडण्याजोगं काही उरलं नव्हतं.

झुंबरबाई करंज्यांचा डबा घेऊन आली, तर सलिमा फ्रीजरपुढं फरशीवर बसून रडत होती. झुंबरबाई तिच्या शेजारी बसली. "गप, बाळा. एकदा गेलं हुतं, आता परत गेलं. सुतक काय दोनदा धरत न्हाईत." आणि मग तिलाच हुंदका आला.

त्याच दुपारी समितीचा आदेश आला: 'श्रीमती झुंबरबाई या दात्याच्या पत्नी आहेत असे समजण्यास हरकत नाही. प्रथिने व न्यूक्लिइक आम्ले वेगळी करण्यास मंजुरी देण्यात येत आहे.'

वर्षाखेरीस संस्थेनं दात्यांच्या ऋणनिर्देशाचा संगमरवरी फलक बसवला. वर अध्यक्ष, मग समितीचे पाच सदस्य, मग अधीक्षक, आणि तळाशी, जागा उरली तेवढ्यात, 'नमुना क्रमांक एक ते नऊ'. झुंबरबाई वाकली आणि सात कुठं येतो ते बोटानं हुडकू लागली. सात वेगळा लिहिलेलाच नव्हता.

हसलात ना उदयसिंहांना? हसा की, हसण्याजोगंच आहे. आता शेजाऱ्याला न विचारता सांगा: नळीतून आधी काय उतरतं? आलं लगेच. अधीक्षकाचं नाव? तेही आलं. नमुन्याचा क्रमांक तर डोक्यात पक्काच बसलाय. आणि ज्यानं मेंदू दिला, त्या माणसाचं नाव?

चाचपडलात, तर रागवत नाही. पण एवढं करा. पुढच्या कीर्तनात टाळ हाती आला की ते नाव हुडकून एकदा ओठांवर आणा. बायकांच्या बाजूला, खांबाजवळ झुंबरबाई बसलेली असते. तिला ऐकू कमी येतं, पण कुणाचे ओठ ते नाव घेतात, ते तिला लांबूनही दिसतं.