रुख्माबाईंचा प्रमाण नमुना

केशोरीकडच्या रुख्माबाईंच्या लघवीला वास येत होता. ही बाब खासगी आहे, हे आम्हाला मान्य आहे. परंतु पुढे तिच्यावर बैठका झाल्या, पंचनामा झाला आणि एक जाहीर सत्कारही पार पडला, त्यामुळे ती आता सार्वजनिक समजण्यास हरकत नसावी.

रोवणीचे दिवस होते. चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बायका सकाळी शेतात उतरल्या की संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण घेतलेलं पाणी कुठेतरी सोडावं लागतं आणि उघड्या बांधावर आडोसा नसतो. रुख्माबाईही घेत नव्हत्या. आता लघवीला आग होत होती, अंगात ताप होता आणि अर्धी बांदी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, रोवायची राहिली होती. नवरा खुशाल त्यांना फटफटीवर बसवून आरोग्य केंद्रात घेऊन गेला. केंद्राचं नाव आम्ही सांगत नाही. तिथल्या लोकांनाही पोरंबाळं आहेत.

डॉक्टर प्रेरणा मॅडमनी नीट ऐकून घेतलं आणि मिनिटभरात गोळ्या सांगितल्या. एखाद्या मागासलेल्या काळात हा आजार इथेच संपला असता. पण आता संगणकात आजाराचा कोड पडल्याशिवाय औषधाच्या खिडकीतून गोळी बाहेर येत नाही. जंतुसंसर्गाचा कोड टाकायला तपासणीचा अहवाल लागतो आणि तपासणीचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं. म्हणून संगणक चालवणारे दुर्गाप्रसाद यांनी उपलब्ध असलेला कोड उघडला: लघवीचा असामान्य वास.

दुर्गाप्रसाद गोंदियाचे, मनाने सरळ. त्यांनी विचारलं, "वास कैसा है? यादीतूनच सांगा. मेपलच्या पाकासारखा चालेल?"

"मेपल म्हणजे का?" खुशालने विचारलं.

"बाहर देश का झाड है."

"उसन्या तांदळाच्या हौदासारखा लिहा न. राइसमिलमंधी धान भिजवतेत, तसा."

हा वास जिल्ह्यात लहान मुलालाही कळतो, त्यामुळे तो यादीत नव्हता. दुर्गाप्रसादांनी 'इतर' निवडलं. त्याबरोबर संगणकाने पुढचा प्रश्न टाकला: असामान्य म्हणजे कशाच्या तुलनेत? स्थानिक सामान्य वास नोंदवा.

सामान्य वास कोणीच ठरवलेला नव्हता. प्रश्न वर गेला आणि वरून वास निश्चिती समिती होऊन खाली आली. अध्यक्ष म्हणून तालुक्याच्या कार्यालयातले शालीकराम साहेब नेमले गेले. वास मोजण्याच्या यंत्रासाठी तरतूद नसल्याने सदस्यांची स्वतःची नाकं तात्पुरत्या स्वरूपात शासकीय कामी लावण्यात आली. एका सदस्याला सर्दी झाली, तेव्हा त्यांचं नाक रजेवर गेलं आणि त्याचा कार्यभार शेजारच्या सदस्याच्या नाकाकडे अतिरिक्त म्हणून सोपवण्यात आला.

नमुने कुठून आणायचे, यावर बराच विचार झाला. रोवणीमुळे गावात माणूस भेटत नव्हता, आणि बांदीत बायका मात्र ओळीने सापडत होत्या. बाटल्या वाटल्या गेल्या. पंचांसमक्ष एकेका बाटलीचं झाकण उघडण्यात आलं. साऱ्यांचा वास एकच निघाला. समितीला आनंद झाला. अहवालात लिहिलं गेलं की, सदर परिसरात वासाबाबत उल्लेखनीय एकमत आढळून येते. सबब, हाच सामान्य वास होय. त्यातही रुख्माबाईंचा नमुना सरासरीच्या अगदी मधोमध बसत असल्याने तो प्रमाण नमुना म्हणून लाख लावून मोहोरबंद करण्यात आला आणि कपाटात ठेवला गेला.

प्रमाण ठरल्यावर सत्कार ओघानेच आला. तापलेल्या रुख्माबाईंना खुर्चीत बसवून शाल पांघरली गेली. अंगात हुडहुडी असल्याने ती त्यांना बरी वाटली, आणि साऱ्या सोहळ्यातला तेवढाच उपचार.

"आपल्या बाईंनी तालुक्याचं नाव काढलं," शालीकराम म्हणाले.

"साहेब, मले आग होऊन राहिली, त्याचं का?" रुख्माबाईंनी विचारलं.

"आग अहवालात नाही, बाई. तुम्ही पूर्णपणे सामान्य आहात."

"मंग इले उभं काऊन राहवत नाही?" खुशाल म्हणाला. त्याला नारळ देण्यात आला.

घोटाळा झाला तो तुलनेसाठी घेतलेल्या नमुन्यांमध्ये. शालीकराम आणि प्रेरणा मॅडम यांच्या बाटल्यांना जवळजवळ वासच नव्हता. दोघं दिवसभर पाणी पीत आणि कामाच्या जागी त्यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृह होतं. संगणकाने दोघांना तत्काळ असामान्य ठरवलं, कोड विनातक्रार पडला आणि खिडकीतून गोळ्या सरसर बाहेर आल्या. शालीकरामांनी शासकीय निष्ठेने सगळ्या गोळ्या संपवल्या. आता आपलं पाणी कमी करून सामान्य होण्याचा त्यांचा प्रयत्न चालू आहे.

प्रेरणा मॅडमनी मात्र आपल्या गोळ्या मंडपामागे नेऊन गुपचूप रुख्माबाईंच्या हातावर ठेवल्या. मॅडमना स्वतःचीच लाज वाटत होती, पण दुसरा मार्ग उरला नव्हता.

"या घ्या, आणि पाणी भरपूर प्या."

"पाणी पेईन न, म्याडम. पण मंग जाऊ कोठी?"

मॅडमनी केंद्रात येऊन तोच प्रश्न दुर्गाप्रसादांना घातला. दुर्गाप्रसादांनी संगणकात शोधून पाहिलं. त्या प्रश्नाला कोड नव्हता.

वाचकहो, हसून झालं की तुम्ही उठाल, घोटभर गार पाणी प्याल, आणि थोड्या वेळाने आत जाऊन दाराला कडी लावाल. नव्या प्रमाणानुसार तुम्ही आजारी आहात. तुमच्या नावाच्या गोळ्या खिडकीवर तयार आहेत, घेऊन जा. रुख्माबाई ठणठणीत आहेत. तसा अहवाल आहे, आणि तो तुम्हीही मान्य केला आहे, कारण इतकी वर्षं तुम्ही त्यांच्या बांदीतलाच तांदूळ जेवत आला आहात आणि तुम्हाला कधी काही विचारावंसं वाटलं नाही.